पाचव्या मुलखाची रयत

वसईच्या किल्ल्याच्या तटाखाली ज्याचे बालपण गेले, त्याला हद्द आणि परवाना या दोन गोष्टींचे फारसे नवल वाटू नये. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने हा मुलूख पोर्तुगीजांना तहाने लिहून दिला. त्यांच्या अंमलात अरबी समुद्रात गलबत हाकारायचे, तर ‘कार्ताझ’ नामक परवाना नाखव्याजवळ असावा लागे, आणि तो नसला की मालासकट गलबत जप्त होई. १७३९ साली चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला व ही कटकट कायमची मिटली, अशी आमची शाळेपासूनची समजूत होती. टोरांटोस स्थायिक झालेल्या माझ्या आतेभावाने प्रेमाने एक इंग्रजी चित्रपट पाठविला आणि ती तबकडी आमच्या डीव्हीडी प्लेयरने तोंडात घेऊन तत्काळ बाहेर टाकली, तेव्हा या समजुतीस पहिला तडा गेला. पडद्यावर उमटलेल्या इंग्रजी ओळीचा मथितार्थ असा की, सदरहू माल आपल्या मुलखासाठी नव्हे.

गेल्या शतकाच्या अखेरीस डीव्हीडी बाजारात आली, तेव्हा अमेरिकेतील चित्रपटव्यावसायिकांच्या आग्रहावरून अखिल पृथ्वीचे सहा मुलूख पाडण्यात आले. अमेरिका व कॅनडा यांनी पहिला क्रमांक अर्थातच स्वतःकडे ठेवला. युरोप, जपान आणि आखाती देश दुसऱ्यात गेले. आग्नेय आशिया तिसऱ्यात, ऑस्ट्रेलिया दक्षिण अमेरिकेसह चौथ्यात, आणि आम्ही रशिया व बहुतेक आफ्रिकेसमवेत पाचव्यात. चीनला एकट्याला सहावा मुलूख मिळाला. हेतू असा की, अमेरिकेत जो चित्रपट तबकडीवर येऊन पोचला, तो आमच्याकडे अजून चित्रगृहात लागावयाचा असल्यास रयतेने तो आगाऊ पाहू नये. १४९४ साली स्पेन आणि पोर्तुगाल यांनी जगाची परस्पर वाटणी केली होती. पण त्या वाटणीत दोनच भागीदार असल्याने हिशेब तरी सोपा होता. नव्या वाटणीने खुद्द पोर्तुगीजांच्या जुन्या साम्राज्याची काय दशा केली पाहा: लिस्बन दुसऱ्या मुलखात, मकाव तिसऱ्यात, ब्राझील चौथ्यात, आणि गोवा-वसई पाचव्यात! चिमाजी अप्पांना ज्यासाठी एवढी मोहीम काढावी लागली, ते या मंडळींनी बसल्या बैठकीत उरकले.

आमची फिर्याद आम्ही नालासोपारा स्टेशनाबाहेरच्या एका दुरुस्तीच्या दुकानात नेली. गल्ल्यावरील तरुणाने प्लेयर उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाला, “काका, डिस्क एक नंबरची, मशीन पाच नंबरचं. ओपन करून देतो, चहा घ्या तोवर.” त्याने तबकडीचा कप्पा बाहेर काढला, रिमोटवर काही आकडे अशा सफाईने दाबले की जणू संध्येतील आचमन चालले आहे, आणि पडद्यावर एक गुप्त यादी प्रकट झाली. तीत पाचाच्या जागी त्याने शून्य केले. बस्स! ज्या फर्मानामागे सातासमुद्रापलीकडील वकिलांची बुद्धी पणाला लागली असेल, ते चहा निवण्यापूर्वी रद्दबातल झाले होते.

घरी येऊन तबकडी लावली तो चित्रपट सुरू झाला खरा. परंतु नायकाचे मस्तक पडद्याच्या तळाशी, पाय माथ्यावर, आणि हा सर्व देखावा कृष्णधवल रंगात एकसारखा वर सरकत होता. “यापेक्षा ती इंग्रजी ओळ बरी होती, निदान स्थिर तरी होती,” असे सौभाग्यवतींनी मत दिले.

हा दुसरा अडथळा मात्र कोणा व्यापाऱ्याच्या कपटातून निघालेला नाही, म्हणून त्याच्याविषयी माझ्या मनात आकस नाही. अमेरिकेतील विजेचा प्रवाह सेकंदाला ६० आवर्तने करतो, आणि त्याच तालावर तेथील दूरचित्रवाणीने ५२५ रेषांची सुमारे ३० चित्रे सेकंदाला दाखविण्याचा परिपाठ ठेवला. त्याचे नाव एनटीएससी. आमची वीज, जेव्हा असते तेव्हा, ५० आवर्तने करते. म्हणून १९८२ साली आशियाई खेळांच्या निमित्ताने रंग आले ते वाल्टर ब्रुख या जर्मन अभियंत्याच्या पाल पद्धतीने, ६२५ रेषा आणि २५ चित्रे घेऊन. चित्रपट मुळात सेकंदाला २४ चित्रांचा असतो. पाल पद्धतीत तो बहुधा २५च्या वेगाने पळवितात, त्यामुळे शंभर मिनिटांची कथा शहाण्णव मिनिटांत आटोपते आणि नायिकेचा स्वर किंचित चढतो. विरार लोकलने नित्य प्रवास करणाऱ्या मनुष्यास वाचलेल्या चार मिनिटांचे मोल निराळे सांगावयास नको. असो. त्याच तरुणाने फोनवर सांगितलेला एक पर्याय बदलताच प्लेयर अमेरिकी चित्राचे पाल करून देऊ लागला व नायक पायांवर उभा राहिला.

खरी पंचाईत उलट दिशेने झाली. मुलीच्या लग्नाची डीव्हीडी आम्ही टोरांटोस रवाना केली. घरगुती लग्नास मुलखाचा क्रमांक नसतो, त्यामुळे आम्ही निर्धास्त होतो. पण चित्रीकरण पडले पाल पद्धतीचे, आणि तेथील प्लेयरास पाल म्हणजे भिंतीवरचा प्राणी! आमच्या हिंदी चित्रपटांच्या पुष्कळ तबकड्या, डॉलर कोठे आहेत हे ओळखून, एनटीएससीत आणि मुलखाच्या बंधनाविना निघत, त्यामुळे मुलाच्या घरी आत्याला परक्यांची लग्ने बिनदिक्कत दिसत होती. नातीचे तेवढे दिसेना. अखेर आतेभावाने ती तबकडी संगणकात घातली. संगणकास रेषांचे व आवर्तनांचे सोयरसुतक नसते. मुलूख बदलण्यास तो पाच वेळा मुभा देतो आणि मग कायमचा हटून बसतो, पण येथे तो प्रश्नच नव्हता.

त्या रात्री आत्याचा फोन आला. मंगलाष्टके, सप्तपदी, जावयाचे रूप यांवर अभिप्राय येईल म्हणून आम्ही सर्वजण फोनभोवती जमलो होतो.

“पंगत मी थांबवून थांबवून पाहिली,” आत्या म्हणाली. “पापडीची वहिनी कुठेच दिसली नाही. रुसली होती, की तुम्ही बोलावलंच नाहीत?”