लग्नसराईत पेजमेकर लिनक्सवर चालवणे : नवशिक्यांसाठी

साहित्य : विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला म्हणून भाच्याने लिनक्स टाकून दिलेला जुना कॉम्प्युटर, २००१ सालचा पेजमेकर ७, आणि मैंदर्गीचं एक गिऱ्हाईक. त्याला पत्रिका एका बाजूने मराठीत, दुसऱ्या बाजूने कन्नडमध्ये आणि दोन्हीकडे वर स्वामी समर्थ हवेत. उद्या सकाळी.

आधी वाईन टाका. याचं काम १९९३ ला सुरू झालं आणि १.० आवृत्ती २००८ ला आली, तेव्हा अर्ध्या तासात वैतागायचा हक्क तुम्हाला नाही. प्रोग्रॅम विंडोजकडे जे मागतो, ते वाईन लिनक्सकडून मिळवून देतं.

पेजमेकर टर्मिनलमधून सुरू करा. ओळींचा पाऊस पडेल. 'फिक्समी'च्या ओळी सोडून द्या. अमुक काम वाईनमध्ये अजून झालेलं नाही एवढाच त्यांचा अर्थ, आणि बहुधा त्यावाचून अडत नाही. 'एरर'च्या ओळी वाचा. त्यात एखाद्या डीएलएलचं नाव दिसलं, तर ती वाईनच्या जोडीला वापरायच्या विनट्रिक्समधून मिळते का पाहा. गिऱ्हाईक मागे उभं असेल तर मात्र गंभीर चेहऱ्याने फिक्समीच वाचत राहा. चहा येईपर्यंत वेळ निघतो.

पेजमेकर उघडला आणि 'शुभविवाह'च्या जागी इंग्रजी अक्षरं नि टिंबं-टोप्यांचा कचरा दिसला? फाइल शाबूत आहे. जुन्या मराठी फॉन्टांनी इंग्रजी अक्षरांच्या घरात आपली वळणं बसवली होती. फॉन्ट नसला की मूळ घरमालक दारात येतो. फॉन्टच्या टीटीएफ फाइली वाईनच्या सी ड्राइव्हमध्ये, विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरात टाका. कन्नडसाठी नुडीचेही टाका. पण मराठी मजकुराला नुडी लावला की कन्नड होतं, असं समजू नका. नवरदेवाचं जे नाव होतं, ते मैंदर्गीतच काय, पलीकडच्या अख्ख्या कर्नाटकातही कुणाला वाचता येत नाही.

फॉन्टच्या सॉफ्टवेअरला यूएसबी लॉक असेल तर ते काढून फुंकर मारा, पुन्हा लावा, मशीनला उदबत्ती ओवाळा. यातलं काहीच उपयोगी नाही. लॉकचा विंडोज ड्रायव्हर वाईनमध्ये सहसा चालत नाही. व्हर्च्युअल मशीनमध्ये खरं विंडोज घाला, नाहीतर मजकूर युनिकोडमध्ये टाइप करून स्क्रायबस या लिनक्सवर चालणाऱ्या मांडणीच्या प्रोग्रॅममध्ये मांडा. भाचा हेच सांगत होता, पण भाच्याचं कोण ऐकतं!

पीडीएफ काढताना फॉन्ट एम्बेड करा. नाहीतर सोलापूरचा ऑफसेटवाला टिंबं-टोप्यांसकट पाचशे पत्रिका छापून देईल, आणि फोन करून विचारणारही नाही.