कुंपणावरची काटकसर

"ऐकलंस का गं? कोपऱ्यावरच्या सुनेनं म्हणे बाहेरचं काही म्हणून आणायचं नाही असं ठरवलंय."

काकूंनी कुंपणाच्या भिंतीवर कोपर टेकलं की समजायचं, बातमी वजनदार आहे. साताऱ्यातल्या आमच्या या गल्लीत वर्तमानपत्र सातला येतं, काकू साडेसहाला.

"म्हणजे काय, सूत कातणार की काय घरी?"

"चेष्टा नको करूस. साबण घरी, तूप घरी, पापड-लोणची घरी, गोधड्या घरी. घराचा हप्ता चाललाय ना त्यांचा, खर्च कमी करायचाय. विचार चांगलाच आहे गं पोरीचा. पण गंमत पुढेच आहे. हे ठरल्यापासून तिच्या दारात रोज एक खोकं उतरतंय. काचेच्या बरण्या आल्या, दगडी पाटा आला, शिलाई मशीन आलं, पितळेची पातेली आली. काटकसरीपायी दिवाळं निघायची वेळ आली."

"पितळेची भांडी चांगली असतात म्हणतात हो काकू."

"असतात की. कल्हई केलेली असली तर! हिनं नव्या कोऱ्या पातेल्यात चिंचेची आमटी उकळली. कळकली. नवरा बिचारा पानावर बसून म्हणतो, चव जरा निराळी लागतेय, जुनी पद्धत असेल. मीच गेले होते विरजण मागायला म्हणून कळलं. म्हटलं, आधी ती आमटी ओतून दे. बिनकल्हईच्या पितळेला आंबट काही लावायचं नाही. आता कल्हईवाला शोधतेय ती. पूर्वी दारावर ओरडत यायचा, भट्टी पेटवायचा, कथील आणि नवसागर टाकून कापसानं भांडं पुसलं की आरशासारखं लख्ख. आता वर्षात एकदा दिसला तरी नशीब. कल्हईवाला नसेल तिथं पितळ शोभेपुरतंच बरं."

मला हसू आवरेना. पण काकूंचं गाडं आता रुळावर आलं होतं.

"आणि साबण कशाला करायचा घरी? त्याला कॉस्टिक सोडा लागतो, हात भाजून घ्यायचे धंदे. आमच्या आजीनं जन्मात साबण केला नाही. डोक्याला शिकेकाई-रिठा, अंगाला डाळीचं पीठ, संपलं. माझा साधा हिशेब आहे बघ. जे घरात येतंच, ते शेवटपर्यंत वापरायचं, ही काटकसर. जे करण्यासाठी मुद्दाम सामान आणावं लागतं, ती हौस. हौस करावी की, कोण नको म्हणतंय? पण तिला काटकसर म्हणू नये."

"मग तूप कशात बसतं?"

"काटकसरीत. दूध रोज येतंच. साय साठवली, विरजली, घुसळली की ताक-लोणी. लोणी कढवलं की तूप. खाली बेरी राहते, ती साखर घालून पोरांनी खायची नाहीतर कणकेत मळायची. एका दुधात चार जिन्नस. दोडक्याच्या शिरा तू काय करतेस?"

"कचऱ्यात."

"बघ! तीळ, सुकं खोबरं, लसूण-मिरची घालून कुरकुरीत परतल्या की दोन दिवसांची चटणी. कलिंगडाचा तो लालच्या खालचा पांढरा भाग किसून थालिपिठात घाल. शिळी पोळी कुस्करून फोडणीला टाक. यातलं काही खोक्यातून येत नाही."

मी म्हटलं, हे सगळं पूर्वी परवडायचं, कारण बायका घरात होत्या आणि त्यांच्या वेळेचा हिशेब कुणी मागत नव्हतं. मला सकाळी आठ चाळीसची बस असते. काकू रागावतील असं वाटलं होतं. पण त्यांनी मान डोलावली.

"खरं आहे तुझं. जुन्या काळाचं कौतुक मला सांगू नकोस. 1972च्या दुष्काळात मी लहान होते. रेशनवर लाल मिलो मिळायची, तिच्या भाकरी घशाखाली उतरायच्या नाहीत. आई त्यातच काहीबाही कालवून आम्हाला घालायची आणि आपण ताक पिऊन झोपायची. तिला कुणी विचारलं नाही, तुला ही काटकसर आवडते का म्हणून. ते कौशल्य होतं, पण सक्तीचं. या पोरीला निदान सक्ती तरी नाही. म्हणून तर मी तिला हसते आणि मदतही करते."

"मदत कसली?"

"कुरडयांची! तेच तर सांगायला आले होते, मध्येच तुझी बस आली." काकूंनी दुसरं कोपरही भिंतीवर टेकलं. "हिनं एकटीनं कुरडया घातल्या. तीन किलो गहू भिजवले. तीन दिवस भिजवायचे एवढं ऐकलं होतं, पण रोज पाणी बदलायचं हे मोबाईलवरच्या बाईनं सांगितलं नव्हतं की हिनं पुढे ढकललं, देव जाणे. तिसऱ्या दिवशी गल्लीत काय वास गं! तुझ्या शेजारचे तर गटार तुंबलं म्हणून तक्रार करायला निघाले होते."

"मग टाकून दिले?"

"टाकले. कोंबड्याही फिरकल्या नाहीत. दुसऱ्या खेपेला मी उभी राहिले. रोज पाणी बदललं. गव्हाचा दाणा चिमटीत दाबला की पांढरं दूध बाहेर आलं पाहिजे, तेव्हा वाटायचा. मग पाण्यात कालवून, पिळून, फडक्यातून गाळायचा. रात्रभर झाकून ठेवला की चीक खाली बसतो, वरचं पिवळट पाणी हलक्या हातानं ओतून टाकायचं. उरलेल्या चोथ्यात मिरची, तीळ, मीठ घालून वड्या घालायच्या, तोही वाया जात नाही. सकाळी उन्हं वर यायच्या आत आधण ठेवायचं. जितका चीक तितकंच पाणी, त्यात मीठ आणि हिंग. चीक ओतताना एकानं धार धरायची आणि दुसऱ्यानं हलवायचं, थांबलं की गाठी. पांढरा चीक हळूहळू काचेसारखा दिसायला लागतो. ओलं बोट लावून पाहायचं, चिकटला नाही की झाला. आणि गरम आहे तोवरच सोऱ्यात भरायचा. गार झाला की सोऱ्या तुटेल, कुरडई पडायची नाही."

"हे एकटीचं काम नाहीच."

"तेच म्हणते मी! धार धरायला एक, हलवायला एक, सोऱ्या दाबायला एक, उन्हात प्लास्टिकवर ओळी लावायला एक. आणि चीक दूध-साखर घालून खायला घोळकाभर पोरं. आमच्या वाड्यात सोमवारी जोश्यांच्या कुरडया, मंगळवारी शिंद्यांच्या, बुधवारी आमच्या. गच्ची एकीची, सोऱ्या दुसरीचा, मोठं पातेलं तिसरीचं. घरोघरी सगळं कुणाकडेच नव्हतं आणि लागतही नव्हतं. आता या पोरीनं एकटीच्या घरासाठी अख्ख्या वाड्याचं सामान विकत घेतलंय."

हे मात्र मला लागलं. आपण 'स्वावलंबी' घर म्हणतो, ते एका घराचं कधी नव्हतंच, गल्लीचं होतं. लिज्जत पापडाची सुरुवातही अशीच झाली. 15 मार्च 1959 रोजी गिरगावात सात बायका एका गच्चीवर पापड लाटायला बसल्या, भांडवल उसने घेतलेले 80 रुपये. हाताला येत होतं तेच काम, पण सात जणींचं मिळून. म्हणून त्यातून पुढे हजारो बायकांच्या हाताला पैसा मिळाला. एकेकटीनं आपापल्या स्वयंपाकघरात लाटत बसल्या असत्या, तर घरातले फार तर म्हणाले असते, छान झालेत हं.

"सोऱ्या कुणी दाबला मग?" मी विचारलं.

"आमच्या ह्यांनी. निवृत्त झाल्यापासून नुसते पेपर वाचत बसतात. म्हटलं, या इकडे, हाताला जोर आहे ना? पहिल्या दहा कुरडया अशा वाकड्या की नकाशे वाटावेत. मग जमलं. आता मला सांगतात, चीक जरा घट्ट झालाय आज. आणि तिचा नवरा गच्चीवर कावळे हाकलायला बसला लॅपटॉप घेऊन. मीटिंगमध्ये मध्येच 'हाड् हाड्' म्हणाला म्हणे."

"तरी काकू, तिखट-हळद घरी कुटायची का?"

"मुळीच नाही. ब्याडगी रंगाला, संकेश्वरी तिखटाला, आपण निवडून, उन्हात वाळवून, डेखं काढून कांडपावर न्यायची. खलबत्त्यात कुटून नाक-डोळे कशाला जाळायचे? शहाणी बाई कुठलं काम घरी करायचं आणि कुठलं बाहेर द्यायचं, हे आधी ठरवते. गोधडीचंही तसंच. जुन्या सुती साड्या, धोतरं, चादरी घरातल्याच. मऊ साडी वर आणि खाली, जाडंभरडं मधे. नायलॉनची घालायची नाही, निसटते आणि घामही टिपत नाही. टाका हातानं घालायचा, नाहीतर गोधड्या शिवणारी बाई आहे पलीकडच्या आळीत, तिला मजुरी द्यायची. तिचंही घर चालतं की त्यावर. मशीन घेऊन ठेवलंय हिनं, पण गोधडीच्या जाडीत सुई मोडते तिची!"

काकूंनी घड्याळ पाहिलं. मीही पाहिलं. माझी बस गेली असती तरी चाललं असतं, पण काकूंचं दूध उतू जायची वेळ झाली होती. जाता जाता त्यांनी ठरवूनच टाकलं. पुढच्या आठवड्यात सांडगे माझ्या गच्चीवर, पापड सुनेच्या दिवाणखान्यात, कारण तिच्याकडे पंखे आणि पाटा दोन्ही आहेत. घरातल्या पुरुषांनी लाट्या करायच्या. तेल लावलेल्या हातानं मोबाईल धरता येत नाही, हा वरचा फायदा. तिच्या बरण्याही आता सगळ्यांच्या, लोणच्याच्या वेळी फिरत्या राहतील.

तेव्हा काटकसरीनं राहायचं मनात असेल तर पहिल्या दिवशी काही मागवू नका. आधी फडताळ उघडून काय आहे ते पाहा आणि जे नाही ते शेजारी मागा. सोऱ्या कुणाकडे तरी असतोच, आणि तो दाबायला येणारं माणूसही. विचारायची तेवढी लाज सोडा.