नळ कोरडा, भिंत ओली

वसई-विरारमध्ये पाणी नाही असं कोण म्हणतो? नळाला नाही, एवढंच. सूर्या प्रकल्पाचं रोजचं १८५ दशलक्ष लिटर पाणी मिळावं म्हणून या शहराने वर्षानुवर्षं वाट पाहिली, हंडे घेऊन मोर्चे काढले, टँकरवाल्यांचे नंबर तोंडपाठ केले. बेडरूमच्या भिंतीने मात्र कधी अर्ज केला नाही, डिपॉझिट भरलं नाही, नगरसेवकाकडे खेटे घातले नाहीत. तिला जून ते सप्टेंबर चोवीस तास, पूर्ण दाबाने, बिनमीटरचा पुरवठा चालू असतो.

सुरुवात साधी असते. पश्चिमेच्या भिंतीवर खिडकीखाली चहाच्या रंगाचा डाग उमटतो. आठवड्याने रंगाला फुगा येतो. नख लावलं की पोपडा सुटतो आणि आतली पुट्टी भाकरीच्या मळलेल्या पिठासारखी बोटाला लागते. मग लोणा फुटतो, मग कपाटामागे काळी बुरशी धरते. कपाटातल्या लग्नाच्या शालूला वास येऊ लागला की विषय गृहमंत्रालयाकडे जातो आणि दुसऱ्या दिवशी रंगारी दारात उभा असतो.

रंगाऱ्याचं निदान ठरलेलं. ‘काही नाही साहेब, डॅम्पप्रूफ मारून देतो.’ पाणी येतंय बाहेरून, हा लेप लावणार आतून. पाणी काही अपमान वाटून परत जात नाही. इकडे वाट बंद झाली की ते भिंतीतल्या भिंतीत सरकतं आणि शेजारच्या खोलीत, नाहीतर शेजाऱ्याकडेच बाहेर पडतं. पुढच्या पावसाळ्यात तोच रंगारी शेजाऱ्याकडे डॅम्पप्रूफ मारत असतो. व्यवसाय असा वाढवावा.

भिंत आतून कशी आहे हे कुणी बघत नाही, खरी मेख तिथे आहे. जुन्या बांधकामात बाहेरची भिंत नऊ इंची असायची. आता सहावर, जमल्यास चारवर भागवतात, कारण भिंतीची जाडी बिल्डरला खुपते. कॉलम आणि भिंत जिथे भेटतात तिथे गिलाव्याआधी कोंबडीजाळी मारायची असते, नाहीतर दोघांची फारकत होऊन उभी चीर पडते. जाळी गिलाव्याखाली जाते. जे दिसणार नाही ते मारायचं कशाला?

बांबूची परांची उतरवताना भिंतीत भोकं राहतात. ती कॉंक्रीटने ठासून बुजवायची असतात. आमच्या बिल्डिंगची मागची बाजू फोडली तेव्हा एका भोकातून सिमेंटच्या गोणीचा चुरगळलेला कागद निघाला, दुसऱ्यातून अर्धी वीट आणि गुटख्याच्या पुड्यांचा जुडगा. वरून अर्धा इंच गिलावा, त्यावर ‘एलिव्हेशन’चा मोरपिशी पट्टा. ब्रोशरमध्ये हा पट्टा फार उठून दिसायचा.

संडास-बाथरूमखालचा संक हा तर स्वतंत्र ग्रंथाचा विषय. पाइप लपवायला स्लॅब फूटभर खाली घेतात आणि राहिलेली पोकळी भरतात. काय भरतात? साइटवर त्या दिवशी जे उचलून फेकायचं असेल ते. वॉटरप्रूफिंगचा थर तुकड्यातुकड्यांत, कोपऱ्यांना गोलाई नाही, नहाणी ट्रॅपच्या भोवती नुसतं सिमेंट थोपलेलं. मग त्या डेब्रिजमध्ये बारमाही तळं साचतं. खालच्या मजल्यावरचे काका ‘तुमचं बाथरूम गळतंय’ म्हणतात, वरच्या वहिनी ‘आमचं तर कोरडं ठणठणीत आहे’ म्हणतात. दोघंही खरं बोलत असतात. फरशी कोरडी असते, तिच्याखाली तलाव असतो.

अशा बाबतीत साहेबाचा देश तरी पुढे असेल, असं वाटत असेल तर थांबा. तिकडच्या बऱ्याच घरांना दुपदरी भिंत असते, मधे दोनेक इंचांची पोकळी. बाहेरचा पदर भिजला तरी पाणी पोकळीतून खाली उतरावं, आतल्या पदराला लागू नये, इतका सरळ हिशेब. पुढे इंधन वाचवायचं म्हणून त्या पोकळीत भोकं पाडून खनिज लोकर, फोम, थर्माकोलचे मणी भरण्याच्या योजना निघाल्या. नीट भरलं तिथे घर उबदार झालं. पण झोडपणाऱ्या पावसाच्या तोंडावरच्या घरांतही भरलं, भिंतीच्या चिरा न बुजवता भरलं, कुठे अर्धवट भरलं. पाण्याला आत यायला आयता पूल मिळाला. २५ वर्षांची हमी फायलीत आणि बुरशी भिंतीवर, हे दृश्य तिथेही आहे.

भिंतीला बाहेरून ऊबदार थर चढवण्याच्या अलीकडच्या सरकारी योजनांची तर आणखी शोभा झाली. २०२५ च्या ऑक्टोबरात ब्रिटनच्या नॅशनल ऑडिट ऑफिसने अहवाल दिला की, त्यातल्या ९८ टक्के कामांत मोठे दोष आहेत. बावीस-तेवीस हजार घरं. अठ्ठ्याण्णव टक्के! एवढा निकाल आपल्याकडे फक्त दहावीला कोकण विभागाचा लागतो.

पण एक फरक ध्यानात घ्या. तिथे कुणीतरी जाऊन मोजलं म्हणून आकडा कळला. आपल्याकडे मोजत नाहीत, त्यामुळे आपलं काम शंभर टक्के उत्तम आहे.

आपल्याकडे मोजण्याऐवजी गॅरंटी देतात. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगला ‘दहा वर्षं गॅरंटी, स्टॅम्प पेपरवर लिहून.’ खाली बारीक अक्षरात इमारतीच्या हालचालीने पडलेल्या भेगा वगळल्या, दुसऱ्याने केलेली फोडाफोड वगळली, नैसर्गिक आपत्ती वगळली. पाऊस नैसर्गिक असतो आणि वसईत तो आपत्तीच असतो, म्हणजे उरलं काय? उन्हाळ्यात गच्ची गळणार नाही याची दहा वर्षांची हमी. तोवर कंत्राटदाराने दोनदा फर्मचं नाव आणि चारदा मोबाइल नंबर बदललेला असतो.

गच्ची गळली की दुसरा कंत्राटदार येतो. तो पहिल्याचा कोबा फोडत नाही, त्यावर आपला चढवतो, कारण फोडलं तर डेब्रिज उचलायचा खर्च येतो. चार-साडेचार इंचांच्या विटांच्या कोब्याचं वजन चौरस फुटाला साधारण अठरा-वीस किलो भरतं. दोन कोबे, त्यावर चायना चिप्स, त्यावर लोखंडी सांगाडा आणि पत्रा. बिचाऱ्या स्लॅबला कुणी विचारत नाही की बाबा, झेपतंय का. पत्र्याला परवानगी लागते, ही माहितीही साधारणपणे पत्रा उडाल्यावर मिळते.

आपल्याच वाडीतली जुनी घरं बघा. उताराची कौलं, चांगले हातभर बाहेर आलेले पागोळे, भोवती पडवी. पाऊस भिंतीपर्यंत पोचायचाच नाही. शिवाय मृग लागायच्या आत झडीच्या बाजूला नारळाच्या झापा बांधायच्या. झापेला गॅरंटी नव्हती, दरवर्षी नवी बांधत. नव्या बिल्डिंगने पागोळे छाटले, खिडकीवरचा छज्जा छाटला आणि नैऋत्येच्या पावसासमोर सपाट भिंत उघडी उभी केली. दर्शनी भाग छान दिसतो. पावसालाही दिसतो.

कायदा आपल्या बाजूने आहे, हे ऐकून बरं वाटेल. रेरा कायद्याचं कलम १४(३) म्हणतं की, ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला किंवा कारागिरीतला दोष दाखवून दिला तर विकासकाने तो ३० दिवसांत, फुकट दुरुस्त करून द्यायचा. म्हणून हुशार विकासक चौथ्या वर्षी स्वतःहून बाहेरून रंग काढून देतो. पेढे वाटून सोसायटी त्याचा सत्कार करते. सहाव्या वर्षी डाग दिसतो.

आणि ज्यांची इमारत कागदावरच नाही त्यांनी कुठलं कलम लावायचं? ५०० चौरस मीटरपर्यंतचा भूखंड किंवा आठपर्यंत घरं असलेला प्रकल्प रेरा नोंदणीतून सुटतो. अनधिकृत इमारत तर सगळ्यातूनच सुटते. नालासोपाऱ्याच्या अग्रवाल नगरीत डम्पिंग ग्राउंड आणि सांडपाणी प्रकल्पाच्या राखीव जागेवर उभ्या राहिलेल्या ४१ इमारती उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर जमीनदोस्त झाल्या. तिथे गळतीची तक्रार करायला बिल्डर नव्हता आणि आता भिंतही नाही.

इथे विनोद आवरता घ्यावा लागतो. २०२५ च्या गणेश चतुर्थीच्या आदल्या रात्री विरारच्या विजय नगरात रमाबाई अपार्टमेंटचा भाग कोसळला आणि १७ माणसं गेली. ती इमारतही अनधिकृत होती आणि काही शंभर वर्षांची नव्हती. ओल हा नुसता रंगाचा प्रश्न नाही. पाणी कॉंक्रीटमधल्या सळईपर्यंत गेलं की ती गंजते, गंज जागा मागतो, सळई फुगते आणि आपल्या अंगावरचं कॉंक्रीट उडवून लावते. रेती खाडीची, न धुतलेली असेल तर मीठ घरातच असतं. छताला सळईच्या रेषेत सरळ भेग पडली आणि तांबडा ओघळ आला, तर रंगाऱ्याला नव्हे, स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवायचं. पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करावं असं आदर्श उपविधी सांगतात. आपल्याकडे ऑडिट म्हटलं की लोक चहापाण्याची बिलं लपवतात.

सोसायटीचं गळतीचं वेळापत्रक तर पंचांगापेक्षा अचूक आहे. जूनमध्ये भिंत गळते, ग्रुपवर फोटो पडतात. जुलैत कंत्राटदार म्हणतो, ‘पावसात काम होत नाही.’ वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते. तिथे विषय येतो, तीन कोटेशनं मागवायचं ठरतं आणि सभा वडापाव खाऊन संपते. नोव्हेंबरात भिंत वाळते, डिसेंबरात फोटो कुणाला सापडत नाहीत. मेच्या अखेरीस सेक्रेटरींना जाग येते आणि कंत्राटदार म्हणतो, ‘सात जूनपर्यंत उरकतो.’ २०२५ साली पावसाने २६ मेलाच मुंबई गाठली आणि वसईच्या कितीतरी गच्च्यांवर कोबा अर्धा फोडलेला, वर निळी ताडपत्री अशी तारांबळ उडाली. पावसाने नोटीस द्यायला हवी होती, असं एका कमिटी मेंबरचं मत पडलं.

पैसे नाहीत म्हणाल तर तेही खरं नाही. बांधकाम खर्चाच्या ०.७५ टक्के दुरुस्ती निधी आणि ०.२५ टक्के सिंकिंग फंड दरवर्षी काढायचा असतो. गच्चीतून वरच्या मजल्याच्या छतात पाणी उतरलं तर दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाने, मोरी-संडासाची गळती ज्याची त्याने, हेही लिहिलेलं आहे. पण दुरुस्ती निधीतून आधी गेटला कमान येते, कमानीवर कमिटीची नावं येतात. वॉटरप्रूफिंगवर नाव कुठे घालणार?

म्हणून गॅरंटीचा नाद सोडा, चाचणीचा धरा. फरशी बसायच्या आधी संकमध्ये आणि कोबा झाकायच्या आधी गच्चीवर किमान ४८ तास पाणी तुंबवून ठेवा, खालून छत बघा. टँकरचे पैसे जातील, जाऊ द्या, पुट्टीपेक्षा स्वस्त पडतात. बाहेरची भिंत करताना चिरा उघडायला लावा, परांचीची भोकं भरताना समोर उभे राहा, गिलाव्याआधी जाळीचे फोटो काढा. जे झाकलं जाणार आहे ते झाकायच्या आधी बघायचं, एवढंच शास्त्र आहे. त्याला इंजिनिअर लागत नाही, रिकामटेकडा निवृत्त काका पुरतो आणि असे काका प्रत्येक सोसायटीत मुबलक असतात. त्यांना पार्किंगच्या भांडणातून सोडवून गच्चीवर पाठवा.

आणि करारात एक ओळ घाला: शेवटचा हप्ता पहिला मोठा पाऊस झाल्यावर. मग कंत्राटदाराचा चेहरा बघा. दहा वर्षांची हमी हसत लिहून देणारा माणूस चार महिने थांबायला सांगितलं की गंभीर होतो. जो तरीही सही करील त्याला काम द्या. आणि असा कुणी सापडलाच, तर त्याचा नंबर सगळीकडे फॉरवर्ड करू नका. मीरा रोडवाले पळवतील.