काळ्या पाटीच्या गाडीस अनावृत पत्र

चि. काळी पाटी हिस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तू मला ओळखणार नाहीस, आणि त्यात तुझा दोष नाही. दर तीन दिवसांनी नवा माणूस तुझ्यात येऊन बसतो, आरसे आपल्या उंचीला जुळवतो, सीट मागे ढकलतो, ब्लूटूथला स्वतःचा फोन जोडतो आणि एक दिवस किल्ली टाकून निघून जातो. इतके संसार करणारीने कोणाकोणाला लक्षात ठेवावं? म्हणून ओळख मीच सांगतो. मल्लेश्वरमच्या अठराव्या क्रॉसजवळ करंजाच्या झाडाखाली गेल्या महिन्यात तू अडीच दिवस उभी होतीस, ते घर माझं. तुला तीन दिवसांसाठी भाड्याने घेतलं होतं. उरलेल्या अर्ध्या दिवसात जे घडलं, त्याबद्दल हे पत्र.

तुला घेऊन आला तो माझा पुतण्या. राहणार पुण्यात. त्याच्या दोन महिने आधी तो सपत्नीक थायलंडला जाऊन आला होता, आणि फुकेतहून क्राबीपर्यंत आपण स्वतः गाडी चालवली हे त्याने पहिला चहा संपायच्या आत मला तीनदा सांगितलं. ती गाडी भाड्याने घ्यायच्या आधी घरात गोलमेज परिषद भरली होती. परक्या मुलखात गाडी चालवणं सुरक्षित का, यावर त्याच्या सासूबाईंनी नवस बोलायचा तेवढा बाकी ठेवला होता. पण पोरगा व्यवस्थित. आरटीओत जाऊन त्याने 1949 च्या जिनिव्हा कराराचा आंतरराष्ट्रीय परवाना काढला. तिथला सक्तीचा विमा जुजबी असतो हे वाचून वरचा पूर्ण विमा घेतला. पासपोर्ट ठेवून घेऊ पाहणाऱ्या दुकानाला हात जोडले आणि पुढचं दुकान गाठलं. थायलंडच्या रस्त्यांवर जीव जातात ते बहुतेक दुचाकीवाल्यांचे, म्हणून स्कूटरला शिवलासुद्धा नाही. गाडी आपल्यासारखीच डावीकडून चालवायची, त्यामुळे तीही चिंता नव्हती. गेला तसा परत आला.

बंगळूरला येताना त्याने काय तपासलं असेल? तुझा रंग. पांढऱ्या गाडीचे फोटो चांगले येतात म्हणे.

परवाना, विमा, काही अडलंच तर फोन कोणाला करायचा, यातलं काही नाही. का? तर बंगळूर परकं थोडंच आहे! आणि इतिहास काढला तर त्याचं म्हणणं खोडताही येत नाही. 1638 नंतर हे गाव शहाजीराजांच्या जहागिरीत होतं. आमच्याच मल्लेश्वरमच्या काडु मल्लेश्वर देवळात व्यंकोजीराजांचा 1669 चा शिलालेख आहे. तो मी प्रत्येक पाहुण्याला दाखवतो, पाहुणा जांभई देतो, मी पुढे सांगत राहतो. 1687 च्या सुमारास व्यंकोजीराजांनी हे शहर म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांना तीन लाखांना द्यायचं ठरवलं, तर सौदा पुरा व्हायच्या आत मुघलांचा कासिमखान आत शिरला आणि मग त्यानेच ते वोडेयरांच्या हवाली केलं. म्हणजे बाई, परस्पर व्यवहार आणि मधला दलाल ही इथली जुनी रीत. तुझं ॲप काल आलं.

तुझं कुळही मी पाहिलं. आपली गाडी आपण चालवायची पण ती दुसऱ्याची असायची, हा धंदा या शहरात मोठा केला तो झूमकारने. 2013 साली सात गाड्यांवर सुरुवात झाली. सुरू करणारे दोघे अमेरिकन, म्हणजे जन्मभर रस्त्याच्या उजव्या बाजूने गाडी चालवलेले. बंगळूरच्या रस्त्यावर गाडी चालवायची हौस लोकांना असेल, असं परक्यालाच वाटू शकतं. आमच्यापैकी कोणाला ते सुचलं नसतं.

तर तुझा अर्धा दिवस. विमानतळावरून रात्री तू सुरेख आलीस. हेब्बाळचा उड्डाणपूल, मेखरी सर्कल, सगळं रिकामं. पुतण्या म्हणाला, "काका, तुम्ही लोक उगाच बाऊ करता." मी गप्प बसलो. एकोणीस वर्षं इथे राहून मी कन्नड अर्धवट शिकलो, पण रात्री अकराच्या रस्त्यावरून सकाळी दहाच्या रस्त्याचं भविष्य सांगू नये, हे पुरतं शिकलो आहे.

सकाळी त्याला मित्राला भेटायला मराठहळ्ळीला जायचं होतं. नावात मराठा आहे म्हणजे आपलीच वस्ती, वाटेत कोणी ना कोणी ओळखीचं भेटेल, असा काहीसा भाव चेहऱ्यावर होता. भेटले खरे, हजारोंनी भेटले आणि सगळे एकाच ठिकाणी उभे होते. आउटर रिंग रोडच्या मधोमध मेट्रोचे खांब उभे राहताहेत, कडेने कंपन्यांच्या बसगाड्या, मधल्या फटीत रिक्षा, आणि रिक्षाच्या फटीत खाण्याचं पार्सल घेऊन निघालेला मुलगा. टॉमटॉमच्या 2024 च्या जागतिक यादीत बंगळूर तिसरं आलं: दहा किलोमीटरला सरासरी 34 मिनिटं 10 सेकंद. ही यादी पुतण्याने मला टोमणा म्हणून वाचून दाखवली. मी त्याला खालची ओळ वाचायला लावली. चौथं पुणे, 33 मिनिटं 22 सेकंद. अठ्ठेचाळीस सेकंदांच्या पुढारलेपणावर कोणी इतकं मिरवू नये.

टिन फॅक्टरीजवळ एका रिक्षाने तुझ्या डाव्या कुशीला ओरखडा दिला. हे तुला आठवत असेल. माणसं विसरलीस तरी ओरखडे तू विसरत नाहीस, तुझे मालक विसरू देत नाहीत. पुतण्या खाली उतरला आणि तावातावाने हिंदीत भांडू लागला. चूक इथे झाली. इथे भांडण काढायचं तर ते हिंदीतून काढू नये, हा वाहतुकीचा अलिखित पण पहिला नियम आहे. रिक्षावाला आधी शांत होता. "स्वल्प अ‍ॅडजस्ट माडि, सर," एवढंच म्हणाला. या तीन शब्दांवर हे शहर चालतं. अर्थ असा, की थोडं सांभाळून घ्या. थोडं म्हणजे किती, हे ज्याची गाडी आत दबली त्याने ठरवायचं. तुझी पाटी केएची होती म्हणून मामला तिथेच मिटला. सीमाप्रश्न तापलेल्या आठवड्यात एमएचची गाडी घेऊन यायला आमचे नातेवाईक कचरतात. त्या बाबतीत तू पाहुण्याची बाजू उजवी करतेस, हे कबूल.

मराठहळ्ळीला पोचायला पावणेदोन तास लागले. मित्र तोवर ऑफिसच्या मीटिंगमध्ये गेला होता. दुपारी तीनला पुतण्या परत आला, तुला करंजाखाली लावलं आणि पुढचे अडीच दिवस मेट्रोने हिंडला. संपिगे रोडवरून बसला, लालबागला उतरला, एमटीआरमध्ये रवा इडली खाल्ली, वाटेत कुठे ओरखडा नाही. तू तेवढी झाडाखाली. भाडं चालू.

आता तुझ्या पाटीबद्दल, कारण तिच्यासाठीच मी लेखणी उचलली. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं म्हणजे ही गाडी चालकाविना भाड्याने द्यायला परवाना आहे. 1989 च्या रेंट-अ-कॅब योजनेतून ही पाटी आली, आणि त्या योजनेत परवाना मागणाऱ्याकडे किमान 50 गाड्या असाव्यात अशी अट होती. काळी पाटी दिसली की पाहुण्याला वाटतं, कसली ही टॅक्सीसारखी, फोटोत वाईट दिसते. म्हणून तो तुझ्या पांढऱ्या पाटीच्या चुलतबहिणीकडे वळतो. ती कोणाच्या तरी दारातली घरगुती गाडी असते, दिवसाला तीनचारशेने स्वस्त असते, आणि देताना मालक प्रेमाने सांगतो, "पोलिसांनी विचारलं तर मित्राची आहे म्हणा." वा! थायलंडला पासपोर्ट न देणारा हाच पुतण्या इथे पाच मिनिटांत एका अनोळखी माणसाचा मित्र व्हायला तयार होता. मीच अडवलं. खासगी गाडी परवान्याशिवाय भाड्याने देणं मोटार वाहन कायद्यात बसत नाही, आणि खासगी गाडीच्या विम्यात साफ लिहिलेलं असतं की भाड्याने वापरली तर आम्ही बांधील नाही. म्हणजे धडक झाली की त्या मित्राची मैत्री संपते, विमा कंपनीचीही संपते, आणि समोरच्याचं मोडलेलं हाड तेवढं तुमच्याशी नातं ठेवून राहतं.

तुझ्यातही सगळं सोवळं नाही, बाई. तुला परत करताना एका तरुणाने तुझ्याभोवती प्रदक्षिणा घातली, मोबाइलचा दिवा लावून. रिक्षाचा ओरखडा त्याने टिपला, ते रास्तच. पण पुढच्या बंपरवर एक जुना पोचा होता, तोही आमच्या खात्यात आला. घेताना त्याचा फोटो काढलेला नव्हता, कारण तेव्हा फोटोत पुतण्या स्वतः उभा होता आणि पोचा त्याच्या मागे होता. अनामत रक्कम अजून पूर्ण आलेली नाही. एक सिग्नल लाल असताना ओलांडल्याचा दंडही मागाहून कळला, त्यावर तुमच्याकडचं "प्रक्रिया शुल्क" वेगळं. इथल्या पोलिसांनी 2023 च्या फेब्रुवारीत थकलेल्या दंडांवर निम्मी सूट दिली तेव्हा लोक साड्यांच्या सेलला जमावेत तसे जमले होते. 2025 च्या ऑगस्टमध्ये पुन्हा तीच सूट आली. पाहुण्याला सूट नाही. त्याचा दंड अनामतीतून ताजा ताजा कापला जातो.

एक गोष्ट मात्र थट्टेची नाही. 21 मे 2023 ला दुपारी गारांचा पाऊस झाला आणि के. आर. सर्कलचा अंडरपास भरला. आंध्रातून शहर बघायला आलेलं एक कुटुंब भाड्याच्या गाडीत होतं. चालक सोबत होता, तरी त्याला पाण्याची खोली कळली नाही. गाडी आत अडकली आणि बावीस वर्षांची एक मुलगी गेली. रोज गाडी चालवणाऱ्याला जिथे अंदाज येत नाही, तिथे परगावच्या माणसाने मोबाइलवरच्या निळ्या रेषेवर भरवसा ठेवून पाण्यात गाडी घालू नये. त्या रेषेला पाऊस दिसत नाही. तुझ्या काचेवर कंपनीने चार स्टिकर चिकटवले आहेत. पाचवं याचं असायला हरकत नव्हती.

आणि तरीही, तुला मोडीत काढा असं मी म्हणणार नाही. तू शहराबाहेर शोभतेस. म्हैसूरचा द्रुतगती मार्ग 12 मार्च 2023 ला सुरू झाला, 118 किलोमीटरचा. त्याच वर्षीच्या 1 ऑगस्टपासून मुख्य मार्गिकांवर दुचाकी आणि रिक्षांना बंदी आहे. वेगमर्यादा ताशी 100, वर कॅमेरे. तुझ्या बऱ्याच बहिणींना ताशी 80 ची वेसण घातलेली असते, म्हणून पाहुणे कुरकुरतात. कुरकुरू देत. मद्दूर वडा त्या वेगाने गेलं तरी गरमच मिळतो; फक्त त्यासाठी बायपास सोडून गावात उतरावं लागतं. किंवा चन्नगिरीकडे जा. तिथे होदिगेरेला शहाजीराजांची समाधी आहे. 1664 च्या जानेवारीत शिकारीला गेले असताना घोड्यावरून पडून त्यांचा अंत झाला. या मुलखात वाहन जपून हाकावं हे सांगायला त्याहून मोठा माणूस मला आठवत नाही.

तेव्हा माझी विनंती एवढीच. पुढचा पाहुणा किल्ली मागायला आला की त्याला आधी मेट्रोचं कार्ड घ्यायला सांग. मग ज्या दिवशी गाव सोडायचं त्या दिवशी पहाटे साडेपाचला ये, त्याला घे आणि सातच्या आत शहराबाहेर पड. निघण्याआधी बंपरचा फोटो काढायला लाव, त्यात तो स्वतः नको. आणि आमच्या करंजाखाली पुन्हा उभी राहू नकोस. तिथे आता शेजाऱ्यांची पांढऱ्या पाटीची उभी असते, शनिवार-रविवारी ती कोणा ना कोणा मित्राकडे गेलेली असते.

कळावे, लोभ असावा.

तुझा,
अडीच दिवसांचा यजमान

ता. क. मागच्या सीटखाली राहिलेली स्टीलची डब्बी आमची आहे. आत शेंगदाण्याची चटणी होती. ती खाऊन टाकली असेल तर हरकत नाही, डब्बी परत पाठव.