गृहपाठ नको, पालक आवर!

केंद्र सरकारच्या २०२० च्या दप्तर धोरणात स्पष्ट म्हटलं आहे: दुसरीपर्यंतच्या मुलांना गृहपाठ देऊ नये. शाळा ते काटेकोर पाळतात. मुलांना काहीच देत नाहीत. सगळं पालकांना देतात.

रात्री साडेनऊला वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर निरोप येतो: 'उद्या टाकाऊतून टिकाऊ वस्तू आणणे.' आता एवढ्या रात्री टाकाऊ कुठून आणायचं? मग बाबा धावत जाऊन स्टेशनरीवाल्याचं अर्धं ओढलेलं शटर थोपवतात आणि कोरी कार्डशीट, चमकी, रंगीत टेप आणि ग्लू गन विकत आणतात. आई कापते, बाबा चिकटवतात, आजी 'आमच्या वेळी एका पाटीवर भागायचं' असं सांगून हातभार लावते. ज्याच्या नावाचा हा प्रकल्प, ते चिरंजीव डिंकाचे हात उशीला पुसून केव्हाच झोपलेले असतात.

दुसऱ्या दिवशी प्रदर्शन. त्यात एखादी वस्तू खरोखर मुलाने केलेली असते. ती वाकडी दिसते, म्हणून मागच्या रांगेत जाते. पहिलं बक्षीस आर्किटेक्ट आईला मिळतं. टाळ्या मात्र लेकासाठी वाजतात.

तेव्हा शाळांना एकच विनंती: प्रगतिपुस्तकावर आमचंही नाव छापा, आणि मे महिन्याची सुट्टी आम्हालाही द्या. पुढच्या वर्षी दुसरीत जायचं आहे.