रिफ्रेशचा जप
संगणक मंदावला की घरोघरी एकच उपचार : डेस्कटॉपवर राइट क्लिक, रिफ्रेश. पुन्हा रिफ्रेश. त्याने आयकॉन तेवढे नव्याने रंगतात, वेगाशी काडीचा संबंध नाही. पण बोट थांबत नाही. दोन अँटीव्हायरस आधीच एकमेकांच्या उरावर बसलेले, त्यात ‘पीसी सुसाट करा’ म्हणणारं तिसरं फुकटचं सॉफ्टवेअर येतं आणि संगणक उठायच्या आत रांगेत पुढे घुसतं. टास्क मॅनेजरमधली स्टार्टअपची यादी मात्र कोणी उघडेल तर शपथ! बरं, रात्री शटडाउन केलं म्हणावं, तर विंडोज ८ पासूनचं ‘फास्ट स्टार्टअप’ प्रणालीचा गाभा डिस्कवर तसाच राखून ठेवतं. कोरी सुरुवात रीस्टार्टनेच होते. जुनी फिरती हार्डडिस्क काढून एसएसडी बसवा म्हटलं, की उत्तर तयार : ‘कशाला खर्च? चालतोय की!’