बाळकाकांची एमजी

बाळकाकांची एमजी पुण्यात असते, असं आरटीओचे कागद म्हणतात. ते सरकारी सत्य. प्रत्यक्षात आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली असते ती तिची चेसिस आणि वरची बॉडी. गिअरबॉक्स नाशकात एका डॉक्टरांकडे आहे. डायनामो कोल्हापूरजवळ एका ऊस बागायतदाराच्या शेडमध्ये, कारण त्यांच्याकडच्या माणसासारखं आर्मेचर उभ्या महाराष्ट्रात कुणी भरत नाही अशी जुन्या गाड्यांच्या क्लबात ख्याती आहे. स्पीडोमीटर मुंबईला ग्रँट रोडच्या एका वृद्ध पारशी घड्याळजींकडे. "डिकरा, घाई नको," एवढं बोलून त्यांनी तो ठेवून घेतला. दोनपैकी एक कार्बोरेटर आमच्या घरी, देवघराखालच्या कपाटात. तो तिथे का, ते पुढे सांगतो.

उलट बाजूने बघा. बाळकाकांच्या पलंगाखाली क्लबातल्याच कर्नलसाहेबांच्या गाडीचं सिलिंडर हेड आहे. बाल्कनीत तुळशीशेजारी डॉक्टरांच्या ऑस्टिनची ग्रिल आहे आणि तिच्यावर काकू पायपुसणी वाळत घालतात. थोडक्यात, या मंडळींत कुणाचीच गाडी सबंध कुणाकडे नाही. क्लब क्लब म्हणतात तो हाच व्यवहार. बाकी टोप्या, बिल्ले, वार्षिक जेवण हे सगळं वरवरचं.

बाळकाका सत्तरीकडे झुकलेले. नोकरी पिंपरीच्या एका कारखान्यात, टूलरूममध्ये झाली. मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत माप बिनचूक, तारीख मात्र एकही खरी नाही. "येत्या रविवारी सुरू होतेय बघ," यातला रविवार कोणता हे विचारायचं नसतं. नखांतलं ग्रीस आता शरीराचाच भाग झालं आहे, त्यामुळे लग्नात नवरदेवाशी हात मिळवायची वेळ आली की ते फिटर लोकांसारखं मनगट पुढे करतात. बायको आणि गाडी दोघींना 'ही'च म्हणतात. काकू गाणाऱ्या. त्यामुळे "हिचा आवाज आज बसलाय" असं जिन्यात कानावर पडलं की काढा घेऊन जावं की पाना, हे चटकन ठरत नाही.

प्रत्येक जुन्या गाडीचा पहिला मालक कुणीतरी संस्थानिक असतो, असा क्लबात संकेत आहे. एवढे संस्थानिक हिंदुस्थानात झाले असते तर इंग्रज आलेच नसते. बाळकाका या बाबतीत सत्यवचनी: त्यांची 1952 ची एमजी टीडी आधी एका कापडदलालाची होती आणि नंतर सांगलीकडे एका मळ्यात कोंबड्यांचं खुराडं. तिथून ती त्यांनी कोंबड्यांसकट घेतली. 1949 अखेर ते 1953 एवढ्या काळात ॲबिंग्डनच्या कारखान्यातून 29,664 टीडी बाहेर पडल्या. त्यातल्या बहुतेक अमेरिकेला गेल्या, थोड्या आपल्याकडे उतरल्या. इंजिन साडेबाराशे सीसीचं, ताकद 54 घोड्यांची. ताशी साठ मैल गाठायला वीस सेकंदांच्या आसपास लागतात, म्हणजे सिग्नल सुटला की रिक्षा पुढे जाते. पण ही स्पोर्ट्स कार आहे, आणि तिच्या वेगाबद्दल बाळकाकांसमोर बोलायचं नसतं.

बॉडीचा पत्रा आतून लाकडी चौकटीवर ठोकलेला असतो. विलायतेत त्यासाठी ॲश नावाचं लाकूड वापरत. सांगलीच्या वाळवीने ते आवडीने खाल्लं. मग शनिवार पेठेतल्या सुतारबुवांना बोलावलं. त्यांनी दार उघडून आत हात फिरवला आणि विचारलं, "काका, ही गाडी आहे की कपाट?" आता चौकट अस्सल सागाची आहे. गाडीचं काही बरंवाईट झालं तरी चौकट शंभर वर्षं टिकेल, अशी सुतारबुवांची हमी आहे.

आता मुख्य गोष्ट, आट्यांची. पहिल्या महायुद्धात हॉचकिस या फ्रेंच शस्त्रकंपनीने इंग्लंडात कोव्हेंट्रीला कारखाना काढला. यंत्रसामग्री फ्रेंच, म्हणजे सगळी मापं मेट्रिक. युद्ध संपल्यावर तिथे मॉरिससाठी मोटारीची इंजिनं होऊ लागली आणि 1923 मध्ये मॉरिसने तो कारखानाच विकत घेतला. यंत्रं बदलायचा खर्च कोण करणार? म्हणून आटे मिलिमीटरचेच राहिले. पण इंग्रज फिटरच्या पेटीत पाने व्हिटवर्थचे, इंचातले. मग बोल्टची डोकी तेवढी इंग्रजी ठेवली. ही रीत तीसेक वर्षं चालली आणि एमजीच्या टी मालिकेच्या इंजिनात जशीच्या तशी आली. डोकं इंग्रज, धड फ्रेंच. रविवार पेठेत असा बोल्ट मागितला की दुकानदार आधी बोल्टकडे बघतो आणि मग बराच वेळ गिऱ्हाइकाकडे.

पुण्यात या दोन देशांची वाटणी अशी झाली आहे: व्हिटवर्थ पान्यांचा पूर्ण संच कर्नलसाहेबांकडे, आणि आठ मिलिमीटर, एक पिचचे टॅप-डाय बाळकाकांकडे. कर्नलसाहेब बोल्ट उघडू शकतात पण त्याचे गेलेले आटे पाडू शकत नाहीत. बाळकाका आटे पाडू शकतात, पण त्याआधी बोल्ट उघडावा लागतो. आणि हे दोघे एकमेकांशी बोलत नाहीत.

कारण एक क्लिप. कर्नलसाहेबांची टीसी आहे, 1947 ची, तारेच्या चाकांची. टीडीच्या आधीचं मॉडेल. टीडी आली तेव्हाच जुन्या एमजीवाल्यांनी नाकं मुरडली होती: चाकं पत्र्याची, पुढेमागे बंपर, आणि खड्डा थेट मणक्यापर्यंत पोचत नाही म्हणजे काय! कर्नलसाहेबांनी ती परंपरा चालू ठेवली आहे. "टीडीला बंपर आहे," हे ते ज्या स्वरात सांगतात त्या स्वरात आपण कुणावर पोलीस केस असल्याचं सांगतो. तर एका रॅलीत गाड्यांचा अस्सलपणा तपासायला परीक्षक म्हणून नेमके तेच. बाळकाकांचं बॉनेट उघडून, पाठीमागे हात बांधून त्यांनी रेडिएटरच्या होजकडे पाहिलं.

"ही क्लिप 1952 ची नाही."

"कर्नलसाहेब, तुमचे दातही 1947 चे नाहीत."

त्या दिवसापासून अबोला. पण गाड्यांना अबोला परवडत नाही. म्हणून रविवारी सकाळी काकू कर्नलीणबाईंना फोन लावतात, "पाव इंचाचा पाना पाठवता का? येताना टॅप देते." पाना येतो, टॅप जातो, आणि बरोबर दोन्ही घरचे लाडूही फिरतात. एव्हाना दोघींची घट्ट मैत्री झाली आहे. नवऱ्यांचा समेट झाला तर रविवारची ही ये-जा बंद पडेल, म्हणून समेटाचा विषय निघाला की दोघीही तो शिताफीने टाळतात.

काकूंविषयी इथे थोडं थांबून सांगायला हवं, कारण क्लबात त्यांचं नाव सभासदांच्या यादीत नाही आणि खरा तज्ज्ञ माणूस तोच. गाडीला एसयू कंपनीचे दोन कार्बोरेटर. दोन्हींनी सारखीच हवा ओढली पाहिजे, नाहीतर इंजिन लंगडतं. हवा मोजायची उपकरणं मिळतात, पण जुनी पद्धत नळीची. रबरी नळीचं एक टोक कार्बोरेटरच्या तोंडाशी, दुसरं कानाला. दोन्हीकडचा फुत्कार सारखा येईपर्यंत स्क्रू फिरवायचा. बाळकाकांचे कान टूलरूममधल्या प्रेसनी कधीच निकामी केले. काकूंनी मात्र आयुष्यभर तानपुरे जुळवले आहेत. नऊवारीचा ओचा खोचून, गॅसची नळी कानाला लावून काकू पार्किंगमध्ये डोळे मिटून उभ्या राहतात.

"डावा चढलाय. उतरवा थोडा."

बाळकाका स्क्रू फिरवतात.

"अहो, थोडा म्हणजे थोडा! हं. आता उजवा... हं. हात काढा. हात काढा म्हणते ना."

आणि इंजिन असं एकसुरात लागतं की रखवालदारसुद्धा मोबाइल खाली ठेवतो. अडचण पुढची. बाळकाकांना जुळलेलं काही बघवत नाही. रात्री अडीचला ते टॉर्च घेऊन खाली जायचे आणि 'जरासा'च स्क्रू फिरवून यायचे. म्हणून रॅली संपली की काकू स्वतः एक कार्बोरेटर उतरवतात आणि आमच्याकडे ठेवायला देतात. देवघराखाली त्याला कुणी हात लावणार नाही हा त्यांचा हिशेब. बाळकाका अधूनमधून दर्शनाच्या निमित्ताने येऊन जातात.

क्लबातली उतरंड बाहेरच्याला पटकन कळत नाही. 1940 च्या आधीच्या गाड्यांची माणसं सर्वांत वर. ती क्लासिकवाल्यांशी बोलतात, पण बसून नाही. क्लासिकांत स्पोर्ट्सवाले वरचे. सगळ्यांत खाली एक तरुण सॉफ्टवेअर इंजिनीअर, डुक्कर फियाटवाला. बिचाऱ्याचा एकच गुन्हा: त्याची गाडी रोज चालते. मग 2021 मध्ये केंद्र सरकारने नियम काढला की पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात राखलेली गाडी ती व्हिंटेज; वीस हजार रुपये भरून नोंदणी करा, दहा वर्षांची निश्चिंती. एका रात्रीत फियाटवाला व्हिंटेज झाला. क्लबात सुतक पाळल्यासारखी शांतता होती. त्याच नियमांत असंही आहे की अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणायची नाही. बाळकाकांना आजवर मोडता न आलेला हा एकमेव सरकारी नियम आहे.

पेट्रोल हे दुसरं दुखणं. आधी शिसं गेलं. 2000 साली देशभर बिनशिशाचं पेट्रोल आलं आणि जुन्या इंजिनांच्या व्हॉल्व्ह सीटची काळजी सुरू झाली. आता त्यात इथेनॉल आलं, वीस टक्के. त्याने जुन्या रबरी नळ्या आणि पॅकिंग फुगून चिघळतात. बाळकाका हे तावातावाने मांडतात, पण बागायतदार बसलेले असले की आवाज एक पट्टी खाली येतो. डायनामो त्यांच्याकडे आहे, आणि त्यांचा ऊस कारखान्याच्या डिस्टिलरीला जातो.

गेल्या रॅलीला वाईला जाताना खंबाटकीच्या घाटात हिने निम्म्या चढावर मान टाकली. पेट्रोल पंप बॉनेटखाली, इंजिनच्या धगीत. नळीत पेट्रोलची वाफ झाली की तो रिकामाच टिकटिकत राहतो. मागून येणाऱ्या क्लबच्या गाड्या एकेक करून थांबल्या आणि प्रत्येकाने उतरून आपापलं निदान सांगितलं. नाशिकच्या डॉक्टरांनी कॉइल म्हटलं, दुसऱ्या कुणी कंडेन्सर. ट्रकवाले वेग कमी करून फोटो काढत होते. एका पोराने विचारलं, "काका, एमजी हेक्टरचं जुनं मॉडेल का?" बाळकाकांनी उत्तर दिलं नाही. एमजी हा ब्रँड आज चिनी कंपनीकडे आहे, हे ते घरातही बोलू देत नाहीत. शेवटी कर्नलसाहेब आले. एक शब्द न बोलता त्यांनी खिशातला रुमाल थर्मासमधल्या पाण्यात भिजवला, पंपावर ठेवला आणि ते हाताची घडी घालून उभे राहिले. एक उसाची ट्रॉली धापा टाकत शेजारून निघून गेली. पाच मिनिटांनी हँडल मारलं आणि गाडी सुरू झाली. बाळकाकांनी वाईला पोचल्यावर रुमाल धुऊन, घडी करून काकूंच्या हाती परत पाठवला. सोबत निरोप: रुमाल चांगला आहे, पण टेरिकॉटचा आहे, 1947 साली टेरिकॉट नव्हतं.

खर्चाचं काय, असं लोक विचारतात. विलायतेहून येणारी पार्सलं आमच्या पत्त्यावर येतात आणि त्यांत 'पुस्तकं' आहेत असं समजायचं असतं. काकूंना यातलं काही माहीत नाही, असं बाळकाका मानतात. काकू दर दिवाळीला मला त्या 'पुस्तकां'च्या ड्यूटीची एकूण रक्कम विचारून वहीत लिहून घेतात, आणि तेवढ्याच रकमेचं सोनं घेतात.

सध्या काम अडलं आहे ते एका दिव्यावाचून. टीडीला पेट्रोलचा काटा नसतो. टाकी रिकामी होत आली की डॅशबोर्डवर हिरवा दिवा लागतो. हिचा तो दिवा खुराड्यातच गेला, त्यामुळे सध्या टाकीत वेताची छडी घालून पेट्रोल मोजतात. वाचकांपैकी कुणाच्या माळ्यावर, गोठ्यात किंवा आजोबांच्या पेटीत हिरव्या काचेचा, बेझल शाबूत असलेला तसा दिवा असेल तर कृपया कळवावं. पैसे मिळणार नाहीत. बदल्यात स्टँडर्ड हेराल्डची दोन दारं देता येतील. ती कुणाची आहेत, ते मात्र विचारू नये.